राखीव जंगलात सायकल चालवावी का?

सायकल हे गरिबाचे वाहन आहे. तिला पेट्रोल लागत नाही व धूरही निघत नाही. मग राखीव जंगलात ती चालवायला काय हरकत आहे, असा प्रश्न आमच्या वर्गात निघाला. त्याचे उत्तर सगळीकडे सारखे नाही.

राजस्थानात भरतपूरला केवलादेव हे पक्ष्यांचे राष्ट्रीय उद्यान आहे. ते सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. तिथे दाराशीच सायकली भाड्याने मिळतात. रस्ता चांगला आहे. सायकलीचा आवाज होत नाही म्हणून पक्षी फारसे बुजत नाहीत. तिथे सायकल बरी.

अमेरिकेत १९६४ साली मोठमोठ्या रानांसाठी एक कायदा झाला. त्या रानांत पायी जाता येते, घोड्यावर जाता येते, पण सायकल बंद आहे. तिथले सायकलवाले विचारतात, घोडा चालतो तर आम्ही का नाही? हा वाद अजून मिटला नाही.

चाकाने काय होते ते आपल्याला ठाऊकच आहे. ओल्या पायवाटेवरून सारखी सायकल नेली की चाकोरी पडते. पावसाचे पाणी तिच्यातूनच धावते आणि माती घेऊन जाते. मग माणसे बाजूने चालतात व तिथले गवत तुडवले जाते.

आता आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातले ताडोबा पाहा. ते १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तिथे वाघ, बिबटे, अस्वले आहेत. पाहुण्यांना जिप्सीत बसवून गाइडबरोबर नेतात, खाली उतरू देत नाहीत. गाडीला धूर आहे, पण ती ठरलेल्या रस्त्यानेच जाते. सायकल कुठल्याही बारीक वाटेत शिरते. वळणावर एकदम अस्वल पुढे आले तर ते घाबरून अंगावर येते. मांजर पळत्या चेंडूवर झेप घेते ना? वाघ त्याच जातीचा आहे. भरतपूरला सायकलीचा आवाज नाही हे चांगले, इथे तेच वाईट.

पण पालकहो, जंगलाकाठच्या पोरांना शाळेत जायला सायकलच असते. ती बंद करून कसे चालेल? त्यांनी मोठ्या रस्त्याने, चारपाच जणांनी मिळून, घंटी वाजवत, दिवस मावळायच्या आत घरी यावे. जिथे वाघाचा फार वावर आहे तिथे मोठ्या माणसाने सोबत जावे.

म्हणून मला वाटते, रुंद रस्त्यावर सायकल असू द्यावी. वाघाच्या रानातल्या पायवाटेवर हौसेसाठी मात्र सायकल नेऊ नये.

(इयत्ता ४ थी)