पुसद : विळ्याने मोडलेला कायदा

यवतमाळहून दारव्हा, दिग्रस मागे टाकून पुसदकडे निघालं की रस्ता डोंगरात शिरतो. पावसाळ्यात इथल्या उतारांवर साग, पळस, धावड्याच्या बुंध्यांमधून गवत वर येतं. पुसद गाव पूस नदीच्या काठी, डोंगरांच्या कुशीत वसलेलं आहे. महाराष्ट्राला ते ओळखीचं आहे ते नाईकांचं गाव म्हणून. वसंतराव आणि सुधाकरराव हे दोन मुख्यमंत्री याच तालुक्यातल्या गहुलीचे. पण माझ्या मते या गावाची त्याआधीची ओळख अधिक मोलाची आहे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापलं आणि वऱ्हाडातल्या जंगल सत्याग्रहाला तोंड फुटलं.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. एप्रिलमध्ये देशभर मिठाचा कायदा मोडला जाऊ लागला. वऱ्हाडाला समुद्र नाही. तरी इथल्या कार्यकर्त्यांनी वाट काढली. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी आटवून मीठ केलं गेलं. पण खाऱ्या विहिरी सगळीकडे कुठून असणार? शिवाय पावसाची झड लागल्यावर पाणी आटवायचं कसं? मग लक्ष जंगलाकडे वळलं, आणि ते वळणं अगदी योग्य होतं. मीठ हे सगळ्या देशाचं दुखणं होतं. जंगलाचं दुखणं मात्र या डोंगराळ भागाचं स्वतःचं होतं, रोजचं होतं.

ते दुखणं नीट समजून घ्यायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारने जंगलं राखीव केली. त्यामागे मोठा हेतू इमारती लाकडाचा आणि महसुलाचा होता, रेल्वेच्या रुळांखालच्या स्लीपरांनाही लाकूड लागत होतं. १८७८ चा आणि पुढे १९२७ चा वन कायदा त्यासाठीच आला. ज्या रानात आजोबा-पणजोबांनी गुरं चारली, त्याच्या कडेला आता सरकारी हद्द आली. चराईला पैसे मोजा, सरपणाला परवानगी घ्या, गवताचा भारा आणायचा तर तोही विचारून. जनावर हद्दीत गेलं की कोंडवाडा, आणि कोंडवाड्यातून सोडवायचं तर दंड. पुसद भागात आंध आणि गोंडांच्या वस्त्या आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. तांड्याची तर सगळी पुंजीच गुराढोरांची. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरीही बैलजोडी जगली तर शेती जगणार. अशा माणसाला स्वराज्य म्हणजे काय हे सांगायला व्याख्यान लागत नव्हतं. हद्दीपलीकडचं गवत दाखवलं की पुरे.

म्हणून या सत्याग्रहाचं हत्यार ठरलं विळा. घरातला, रोजच्या कामाचा. राखीव जंगलाच्या हद्दीत शिरायचं, वाकून गवताची मूठ धरायची, विळा चालवायचा आणि पोलिसांच्या स्वाधीन व्हायचं. पळायचं नाही, हात उगारायचा नाही. सरकारच्या लेखी ती चोरी होती. अण्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली.

इथे अण्यांविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण हा माणूस उठल्यासुटल्या कायदा मोडणाऱ्यांतला नव्हता. जन्म वणीचा, १८८० चा. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण, काही काळ अमरावतीला शिक्षकी, मग यवतमाळला वकिली. टिळकांवर त्यांची अढळ श्रद्धा होती. पुढे त्यांनी टिळकांवर ‘तिलकयशोऽर्णवः’ हे संस्कृत महाकाव्य रचलं आणि त्याला त्यांच्या पश्चात साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. राजकारणात ते केळकर, जयकर, मुंजे यांच्या बरोबरीचे प्रतिसहकारवादी. कायदेमंडळात जावं, मिळेल तेवढं पदरात पाडावं, उरलेल्यासाठी झगडावं, अशी त्यांची धारणा. १९२८ च्या नेहरू अहवालावर त्यांचीही सही आहे. घटना, कलमं, तरतुदी यांत रमणाऱ्या अशा वकिलाने पन्नाशीच्या उंबरठ्यावर विळा हातात घेऊन तुरुंगाचा रस्ता धरला, यात त्या काळाचं बळ मला दिसतं.

त्याच महिन्यात यवतमाळजवळच्या जंगलात डॉ. केशव बळीराम हेडगेवारांनीही सत्याग्रह केला. त्यांच्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. सरसंघचालकपदाची जबाबदारी डॉ. परांजपे यांच्याकडे सोपवून ते आले, नऊ महिन्यांची शिक्षा घेऊन अकोल्याच्या तुरुंगात गेले. पुढे ज्यांच्या वाटा अगदी वेगळ्या झाल्या अशी माणसं त्या पावसाळ्यात या जिल्ह्याच्या रानात एकाच कायद्याविरुद्ध उभी होती. यवतमाळ जिल्ह्याने हे अभिमानाने सांगावं.

पुसदच्या मागोमाग हे लोण पसरलं. मध्य प्रांतात बैतुलकडे, नाशिककडे बागलाणात, सांगलीकडे बिळाशीत. रायगडमधल्या चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळीबार झाला, माणसं मेली. शहरातल्या सभांना न येणारा माणूस या आंदोलनात आला, आणि तो आपलं रान मागायला आला. पुढाऱ्यांसाठी गवताची मूठ हे प्रतीक होतं. गावकऱ्यांसाठी ते गुरांचं पोट होतं. हा फरक लक्षात ठेवल्याशिवाय पुढचं कळत नाही.

पुढे ५ मार्च १९३१ ला गांधी-आयर्विन करार झाला. सत्याग्रही सुटले. मिठाच्या जागी राहणाऱ्या गावकऱ्यांना घरच्या वापरापुरतं मीठ करण्याची मुभा त्या करारात लिहून मिळाली. जंगलाच्या काठी राहणाऱ्याला तशी मुभा मिळाली नाही. वन कायदा होता तसाच राहिला. राष्ट्रीय चळवळीचा हिशेब मांडताना ही बाकी सहसा कोणी लिहीत नाही, आणि मला ती फार बोचते. ज्यांच्या भरवशावर आंदोलन खेड्यापर्यंत पोचलं, त्यांच्याच पदरात सर्वांत कमी पडलं.

अण्यांचं पुढचं राजकारणही सरळ रेषेत गेलं नाही. १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष, १९३४ मध्ये जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मालवीयांसह वेगळी चूल, १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात प्रवेश. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी मात्र त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला. स्वातंत्र्यानंतर ते बिहारचे राज्यपाल झाले आणि १९६२ मध्ये नागपुरातून लोकसभेवर निवडून गेले. वेगळ्या विदर्भाची मागणी त्यांनी अखेरपर्यंत लावून धरली.

जंगलाचा प्रश्न संसदेत निर्णायकपणे आला तो २००६ मध्ये, वनहक्क कायद्याच्या रूपाने. चराई, तेंदूपान, बांबू यांवरचा गावाचा सामूहिक हक्क त्यात प्रथमच देशाच्या पातळीवर मान्य झाला. पुसदच्या सत्याग्रहाला तेव्हा ७६ वर्षं झाली होती. त्या कायद्याखाली दावे दाखल करताना ग्रामसभांना आपला जुना वापर सिद्ध करावा लागतो आणि त्यासाठी गावातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब पुरावा म्हणून घेतले जातात. गुरं कुठे चरायची, गवत कुठून यायचं, वाट कुठून होती, हे अजूनही त्यांनाच सांगावं लागतं.