मजकूर कुणाचा, पैसे कुणाचे?

महाशिवरात्र जवळ आली की कुणकेश्वरचा किनारा गजबजतो. गावोगावच्या देवस्वाऱ्या समुद्रात तीर्थस्नानाला येतात, एसटीच्या जादा गाड्या सुटतात आणि सिंधुदुर्गात पोचणाऱ्या दैनिकांच्या यात्रा विशेष पुरवण्या निघतात. पुरवणीत आधी मंदिराचा फोटो आणि इतिहास. मग शुभेच्छांच्या चौकटी : हात जोडलेले चेहरे, खाली ‘शुभेच्छुक’. आणि या चौकटींच्या मधे अर्ध्या पानाचा एखादा लेख. हॉटेलमालकाचा, बांधकाम व्यावसायिकाचा नाहीतर निवडणुकीला इच्छुक असलेल्या कुणाचा तरी जीवनप्रवास. टाइप बातमीचा, रकाने बातमीचे, मथळाही बातमीला शोभेल असाच.

शुभेच्छांची चौकट दिसायला कितीही भडक असो, ती प्रामाणिक असते. पैसे कुणाचे, हे तिथे शेंबड्या पोरालाही कळते. अर्ध्या पानाच्या लेखाचे तसे नाही. तो पत्रकाराने स्वतःहून लिहिला, की दर ठरवून छापला गेला, हे वाचकाला सांगणारी एक ओळही अनेकदा नसते.

कुणकेश्वर ज्या देवगड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातले पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे गाव. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले आणि मराठी वृत्तपत्रसृष्टीचा पाया घातला. आज त्याच परिसरातल्या वार्ताहराची गत काय आहे? मानधन तुटपुंजे, वर जाहिरातींवर कमिशन. ज्याच्याविषयी बातमी द्यायची, त्याच्याकडेच सणावाराला जाहिरात मागायला जायचे. एकाच माणसाच्या खिशात बातमीची वही आणि जाहिरातीचे पावतीपुस्तक असले, की दोन्हींची सरमिसळ व्हायला वेळ लागत नाही. वर्गणीच्या पैशात कागदाचाही खर्च निघत नाही, ही मालकांची अडचण खरी आहे. पण ती अडचण वाचकाच्या नकळत त्याच्याच डोक्यावर टाकणे हा निराळा प्रकार झाला.

मोठ्या शहरांतल्या मोठ्या पेपरांनी तर याची रीतसर व्यवस्थाच लावली. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशकांनी २००३ मध्ये ‘मीडियानेट’ सुरू केले. शहर पुरवण्यांमध्ये व्यक्तींना आणि कंपन्यांना पैसे मोजून मजकुरात जागा मिळू लागली. ‘बॉम्बे टाइम्स’च्या नावाजवळ ही जाहिरातवजा मनोरंजन पुरवणी असल्याचे इंग्रजीत छापलेले असते. अक्षर मात्र इतके बारीक, की ते वाचायला चष्मा पुसावा लागतो.

महाराष्ट्राला या प्रकाराचा खरा हिसका बसला तो २००९ च्या विधानसभा निवडणुकीत. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये मराठी दैनिकांची पानेच्या पाने वाचकांपुढे मांडली. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचे गुणगान करणारा एकच मजकूर, शब्दाला शब्द जुळणारा, ‘लोकमत’, ‘महाराष्ट्र टाइम्स’ आणि ‘पुढारी’ अशा एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत आला होता. ‘अशोकपर्व’ नावाच्या पुरवण्या निघाल्या. ‘जाहिरात’ हा शब्द मात्र कुठे नव्हता. उलट चव्हाणांनी निवडणूक आयोगाला सादर केलेल्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. तेव्हा उमेदवाराची खर्चमर्यादा दहा लाखांची होती.

भोकरमधून चव्हाणांविरुद्ध हरलेले डॉ. माधव किन्हाळकर आयोगाकडे गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. हिशेब खरा की खोटा हे आयोग तपासू शकतो, असा निर्वाळा न्यायालयाने मे २०१४ मध्ये दिला. जुलैमध्ये आयोगाने चव्हाणांचा हिशेब नियमानुसार नसल्याचे ठरवून त्यांना नोटीस बजावली. चव्हाणांनी आरोप पहिल्यापासून फेटाळले होते, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. पाच वर्षांचा खटाटोप, आणि पावती नसलेला व्यवहार कायद्याच्या चिमटीत पकडणे किती अवघड असते, एवढे त्यातून दिसले.

पकडता येतच नाही असे मात्र नाही. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांनी २००७ च्या निवडणुकीत दोन हिंदी दैनिकांत छापून आणलेल्या मजकुराचे २१,२५० रुपये हिशेबात दाखवले नव्हते. ऑक्टोबर २०११ मध्ये आयोगाने त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. पेड न्यूजपायी, म्हणजे पैसे देऊन बातमी म्हणून छापून आणलेल्या मजकुरापायी, आमदारकी गमावण्याचा देशातला तो पहिला प्रसंग. त्याआधी प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने, परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी, ७१ पानांचा अहवाल लिहून काही दैनिकांची नावे घेतली होती. कौन्सिलने २०१० मध्ये त्याची छाटलेली आवृत्ती तेवढी प्रसिद्ध केली. मूळ अहवाल लोकांपुढे यायला माहिती आयोगाचा आदेश लागला.

आता निवडणुकीत जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समिती बसते. एखादा मजकूर पेड न्यूज ठरला, तर त्याचा खर्च ती उमेदवाराच्या खात्यात धरायला लावते. निवडणुकीखेरीज इतर वेळी मात्र ‘अस्सल देवगड हापूस कसा ओळखावा’ अशा लेखाच्या शेवटी एकाच विक्रेत्याचा मोबाइल नंबर छापला, तर दखल घ्यायला कुणी बसलेले नसते. जाहिरात बातमीपासून वेगळी ओळखता आली पाहिजे, असे प्रेस कौन्सिलचे निकष सांगतात. पण कौन्सिल कानउघाडणी करू शकते, दंड करू शकत नाही. त्यामुळे वाचकालाच मजकूर उलटसुलट करून पाहावा लागतो. खऱ्या बातमीत किंमत असते, दिरंगाई असते, कुठेतरी नाराज झालेला एखादा गाववाला असतो. विकतच्या मजकुरात सगळेच खूश असतात.

परगावचे लोक आता पुरवणीपेक्षा रील पाहून कोकणात येतात. ‘कुणकेश्वरला आलात तर इथेच राहा’ म्हणणारा तरुण त्या होमस्टेमध्ये फुकट राहिला असेल, तर भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या जून २०२१ पासूनच्या नियमांनुसार ती जाहिरातच. रोख पैसे हातात पडले नाहीत म्हणून सुटका नाही. फुकटचा मुक्काम आणि भेटवस्तूही मोबदल्यातच धरल्या जातात. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ‘जाहिरात’ हे लेबल किमान तीन सेकंद दिसले पाहिजे, त्याहून मोठ्या पण दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. परिषद ही जाहिरात उद्योगाचीच संस्था, तिच्या हाती दंडुका नाही. तो केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरातीत झळकणाऱ्यालाही तो लागू आहे. ग्राहकांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येते.