भाता आणि धूळ

‘फुप्फुसे हवा ओढून घेतात’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत आम्ही इतक्या वेळा वाचले आहे की, ते चूक आहे याचाही विसर पडावा. फुप्फुसांना हवा ओढणारे स्वतःचे स्नायूच नाहीत. लोहाराचा भाता आठवावा. त्याचे कातडे आपण होऊन फुगत नाही. फळी उचलली की आतली जागा वाढते आणि वारा शिरतो. देहात हे काम श्वासपटल करते. छाती व पोट यांच्यामधला हा घुमटाकार स्नायू आकुंचन पावून सपाट होतो, बरगड्या वर व बाहेर सरकतात, छातीच्या पोकळीतील दाब किंचित उतरतो आणि सुमारे अर्धा लीटर हवा आत येते. स्वस्थ बसलो असता उच्छ्वासाला श्रमही नाहीत. ताणलेली फुप्फुसे रबरासारखी पूर्ववत होतात. उच्छ्वास लांबवणे मात्र कमवावे लागते. पेडण्याकडे दशावतारातला नट एका दमात पद आळवतो, तेव्हा त्याची सारी किमया हा ताण हळूहळू सैल सोडण्यात असते.

दिवसाकाठी सुमारे 20,000 वेळा चालणारा हा भाता समोरची हवा निवडून घेत नाही. मोठे कण नाकातले केस व श्लेष्मा अडवतात. श्वासनलिकेतील सूक्ष्म रोम उरलेली धूळ घशाकडे लोटतात. परंतु मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे कण थेट वायुकोशांत पोहोचतात. हे वायुकोश 30 कोटींहून अधिक, आणि त्यांची भिंत इतकी पातळ की, तिच्यातून प्राणवायू रक्तात सहज उतरतो. तेथे धूळ गिळणाऱ्या पेशी असतात. पण सिलिकाचा कण गिळला की पेशीच मरते, कण मोकळा होतो आणि त्या जागी व्रणाची राठ ऊती वाढते. ती पुन्हा मऊ होत नाही.

डिचोली तालुक्यात हे निव्वळ पुस्तकी ज्ञान नव्हे. येथील लोहखनिजाबरोबर सिलिकाही असते. मये, शिरगाव, मुळगाव, पिळगाव या गावांनी खाणींची तांबडी धूळ वर्षानुवर्षे पाहिली. 2012 साली खाणी थांबल्या; पुढे सुरू झालेल्या खाणी 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. हवा निवळली, पण कित्येक घरांची मिळकतही गेली; खाणी नकोतच असे म्हणणे त्या घरांच्या बाहेर राहून सोपे आहे. 2024 साली डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले.

आम्हांस काळजी आहे ती मुलांची. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा घेते, आणि धावताना तोंडाने घेते. म्हणजे नाकाची चाळणीच वगळली जाते. ट्रकांवर ताडपत्री हवी, रस्त्यावर पाणी हवे, हे सर्वजण सांगतात. आमचे एवढेच मागणे की, खनिज वाहतुकीच्या वेळा ठरवताना रस्त्यालगतच्या शाळांचा खेळाचा तास कोणता, हेही विचारावे.