आर्त्वा: आत्या की भाचा?

मध्ययुगीन फ्रान्समध्ये सरंजामी किताब पुरुषांकडेच जात, ही समजूत उत्तरेकडच्या आर्त्वा परगण्यापुढे टिकत नाही. १३०२ मध्ये काउंट दुसरा रॉबेर कुर्त्रेच्या लढाईत मारला गेला. मुलगा फिलिप आधीच, १२९८ मध्ये वारला होता. मागे उरले मुलगी माओ आणि फिलिपचा मुलगा रॉबेर. तिथला रिवाज मृत मुलाची जागा नातवाला देत नसे. हयात अपत्याचा हक्क मोठा, मग ती मुलगी का असेना. माओ काउंटेस झाली आणि १३०९ व १३१८ चे दोन्ही निवाडे भाच्याच्या विरोधात गेले.

माओच्या मुली राजपुत्रांना दिल्या होत्या, म्हणून पारडे झुकले, असा आक्षेप घेतला जातो. तो वजनदार आहे; तिचा जावई पुढे राजाच झाला. पण १३२८ मध्ये गादीवर आलेला सहावा फिलिप हा रॉबेरचा मेहुणा. दरबार अनुकूल असूनही रॉबेरला बनावट दस्तऐवज पुढे करावे लागले, ते उघडकीला आले आणि १३३२ मध्ये तो हद्दपार झाला. आर्त्वा तोवर माओच्या मुलीकडून नातीकडे गेला होता.