क्लचचा आवाज आणि मिस्त्रीचा कान

बालाघाटच्या रांगांनी उंचसखल केलेल्या धाराशिव जिल्ह्यात, भूम-परंड्याकडचे दुधाचे कॅन आणि खव्याचे डबे, बाजारहाटाची पोती आणि तुळजापूरच्या यात्रेला निघालेली माणसे, असा सारा भार ज्या दुचाकी यंत्रांनी दीर्घकाळ निमूटपणे वाहिला, त्यांत बुलेट, राजदूत आणि येझदी या तिघींचा मान मोठा आहे. मद्रासेस १९५५ साली बुलेट बनविणारी एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ साली जावा बाहेर पडू लागली व पुढे तिचीच येझदी झाली. आणि फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने पोलंडमधील एका नमुन्यावरून १९६२च्या सुमारास राजदूत बाजारात आणली. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. परंतु कारखाना बंद झाला म्हणून त्याचे यंत्र फिरावयाचे थांबत नाही. ते चालू ठेवण्याचे काम ज्या मिस्त्रींकडे आले, त्यांच्या कसबाची खरी परीक्षा क्लचच्या आवाजाने होते.

गाडी गॅरेजच्या दारात उभी राहते, आणि मालक आपल्या तक्रारीचे वर्णन नानाविध शब्दांनी करू लागतो: खडखड, खरखर, घरघर, किणकिण. मुरलेला मिस्त्री हे सारे ऐकून घेतो खरे, पण विचारतो वेगळेच. ‘‘मालक, आवाज क्लच दाबल्यावर येतोय, का सोडल्यावर?’’ या एका प्रश्नात सगळ्या तहकिकातीचे मर्म आहे. कारण आवाजाचा पोत मालकाच्या वर्णनशक्तीप्रमाणे बदलतो, परंतु आवाज येण्याची वेळ बदलत नाही, आणि ती वेळच दोषाचे ठिकाण सांगते.

याचे कारण क्लचच्या रचनेत आहे. जुन्या बुलेटमध्ये इंजिनाची शक्ती प्रायमरी चेनद्वारे डाव्या बाजूच्या केसमधील क्लचच्या बाह्य चाकापर्यंत येते. या चाकाबरोबर फिरणाऱ्या प्लेटा आणि मधल्या हबबरोबर फिरणाऱ्या प्लेटा एकाआड एक रचलेल्या असून स्प्रिंगांच्या दाबाने त्या एकमेकींना घट्ट धरून राहतात, आणि हब गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टवर बसविलेला असतो. लीव्हर सुटलेला असताना चाक, प्लेटा, हब आणि शाफ्ट ही सर्व मंडळी एकजीव होऊन फिरतात. लीव्हर दाबताच शाफ्टच्या पोटातून जाणारा पुशरॉड प्रेशर प्लेटला ढकलतो, प्लेटा मोकळ्या होतात, चाक इंजिनाबरोबर फिरतच राहते आणि हब थांबू पाहतो. म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये असताना जो आवाज लीव्हर सुटल्यावर ऐकू येतो आणि दाबताच नाहीसा होतो, त्याचा संशय प्रथम गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टवर व त्याच्या बेअरिंगांवर घ्यावा. उलट, दाबताच जो सुरू होतो त्याचा संशय बाह्य चाकाच्या बेअरिंगवर अथवा पुशरॉडवर घ्यावा. कारण चाक आणि हब यांच्यामधले बेअरिंग दोघांच्या गतीत फरक पडेपर्यंत कामालाच लागत नाही.

येथे नवशिके हमखास फसतात. जुने वा दाट तेल भरलेल्या केसमध्ये प्लेटा तेलामुळे एकमेकींना चिकटून राहतात, लीव्हर दाबला तरी हब फिरतच राहतो, आणि साक्षीदार उलटावा तशी ही परीक्षा उलटते: शाफ्टचा दोष बेअरिंगच्या माथी बसतो. यासाठी जाणते मिस्त्री न्यूट्रलमध्ये निकाल देत नाहीत. ते पहिला गिअर टाकतात, मागचा ब्रेक दाबून धरतात आणि लीव्हर दाबूनच इंजिन हळू चालू ठेवतात. गाडीचे मागचे चाक जागच्या जागी धरले गेल्याने हबला फिरण्याची मुभा उरत नाही, आणि मग जे वाजते ते क्लचच्या बाह्य चाकाकडचे अथवा पुशरॉडकडचे असते.

तिसरी फिर्याद प्रायमरी चेनची. सैल झालेल्या चेनचा आवाज मंद गतीला खळखळ वाजतो, ॲक्सिलरेटर सोडताना वाढतो, आणि लीव्हरशी त्याचा फारसा संबंध नसतो. म्हणून दाबल्या-सुटल्याने जो बदलत नाही, त्याची चौकशी चेनकडून सुरू करावी. जुन्या बुलेटच्या केसचे बाहेरचे झाकण मध्यभागी एकाच मोठ्या नटाने धरलेले असते, ही सोय त्या यंत्राच्या थोर गुणांपैकी एक होय. फुटरेस्ट व ब्रेकचे पेडल बाजूला करून, खाली जुने तसराळे ठेवून मिस्त्री तो नट सोडतो, काळे तेल संथपणे तसराळ्यात उतरते, आणि मग तो इंजिन हाताने फिरवीत चेन ठिकठिकाणी बोटाने दाबून पाहतो. चेन सर्वत्र सारखी झिजत नसल्याने जेथे ती सर्वांत ताणलेली भासेल तेथेच सुमारे पाव इंच ढील ठेवणे हा शिरस्ता. सैल जागी माप घेतले, तर ताणलेल्या जागी चेन बेअरिंगे खाते.

कित्येकदा मूळ कारण हँडलापाशीच असते. लीव्हरला दोन-तीन मिलिमीटरची मोकळीक नसेल तर पुशरॉड सतत दाबाखाली राहतो, त्याचे टोक तापून झिजते, प्लेटा अर्धवट सुटून घसरतात आणि लीव्हर दाबताना चीं-चीं ऐकू येते. कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर चालत निघालेल्या भाविकांमधून वाट काढताना लीव्हर तासन्‌तास अर्धा दाबून ठेवणाऱ्या गाड्यांची गत याहून वेगळी नाही. होंडा घराण्यातील पुढच्या काळातील गाड्यांत चेनऐवजी गिअरने शक्ती पोचते व क्लचला इंजिनाचेच तेल मिळते. तेथे क्लचच्या हाउसिंगमधील धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगा सैल झाल्या की मंद गतीला खडखड होते. अशा गाडीत मोटारीचे, घर्षण कमी करणारे तेल घातल्यास क्लच घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ ही अक्षरे पाहूनच तेल घ्यावे.

मिस्त्रीच्या कसबाला आपण बहुधा कानाचे वरदान समजतो, आणि लांब स्क्रूड्रायव्हरचे एक टोक केसवर टेकवून दुसरे कानाशी धरणारा माणूस पाहिला की तो समज दृढ होतो. परंतु कान हे त्याचे दुसरे हत्यार आहे. पहिले हत्यार म्हणजे काय फिरते आहे व काय थांबले आहे याची क्रमवार तजवीज. ती सोडून थेट क्लचचा संपूर्ण संच बदलणाऱ्याच्या हातून पैसा जातो आणि पुष्कळदा आवाज मात्र राहतो. तेव्हा जुन्या गाडीच्या मालकांनी गॅरेजला जाण्यापूर्वी लीव्हर दाबून व सोडून, गिअरमध्ये व गिअरविना, चालत्या व उभ्या गाडीवर आवाज केव्हा येतो हे कागदावर लिहून न्यावे. मिस्त्रीचे निम्मे काम तेवढ्यानेच होते.