वेशीवरचा मारुती हमरस्त्यावर

आपल्याकडे गाव म्हटलं की वेस आली आणि वेस म्हटली की मारुती आला. वऱ्हाडातल्या कुठल्याही जुन्या खेड्यात जा. शेंदूर फासलेला हात-दीड हाताचा दगड, वर कडुलिंबाची सावली, शेजारी पार. पायी येणाऱ्याला, बैलगाडीवाल्याला तेवढा दगड पुरत असे. तो दिसला म्हणजे गाव आलं.

हाच मारुती बुलढाणा जिल्ह्यात नांदुरा इथं १०५ फुटांचा झाला आहे. खामगाव आणि मलकापूर यांच्या दरम्यान, महामार्गाच्या कडेलाच तो पांढराशुभ्र उभा आहे. या शतकाच्या सुरुवातीपासून जाणारा-येणारा त्याच्याकडे मान वर करून पाहतो आहे.

मी तो पाहायला मुद्दाम गेलो. अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोला आणि तिथून बाळापूर, खामगावमार्गे नांदुरा. एसटीत शेजारच्या काकांनी नाव-गाव विचारलं. नाव ऐकून म्हणाले, "मंग तुमी काहून जाता बाप्पा मारुतीपाशी?" म्हटलं, "पाहाले." त्यांचं तेवढ्यावर समाधान झालं. "मले नांदुऱ्यालेच उतराचं हाये. मारुती दिसला का उठवजा बरं," असं सांगून त्यांनी डोळे मिटले. कंडक्टर होता, पाट्या होत्या. पण त्यांनी भरवसा ठेवला तो मारुतीवर आणि माझ्यावर.

या भरवशामागं साधं गणित आहे. हात लांब करून करंगळीचं नख पाहा. ते साधारण एक सेंटिमीटरचं आणि डोळ्यांपासून साठ सेंटिमीटरवर असतं. १०५ फूट म्हणजे ३२ मीटर. एवढी उंच वस्तू दोन किलोमीटरवरून त्या नखाएवढी दिसते. मध्ये झाडं-घरं नसतील तर ताशी साठच्या वेगानं जाणाऱ्या गाडीला ती दोन मिनिटं आधी वर्दी देते. गाठोडं सावरून दाराशी यायला दोन मिनिटं पुष्कळ झाली. वेशीवरचा दीड हाताचा दगड त्याच नखाएवढा दिसतो तो चाळीसेक मीटरवरून. गाडी तेवढं अंतर अडीच सेकंदांत कापते.

म्हणजे माणसाचा वेग वाढला, तशी रस्त्याकडेची खूणही वाढत गेली. शेरशहा आणि मुघलांच्या काळात उत्तरेत हमरस्त्यांवर कोस-मिनार बांधले गेले. दर कोसाला, म्हणजे अंदाजे तीन किलोमीटरला एक. उंची तीस फुटांच्या आसपास. उंटांच्या आणि घोड्यांच्या चालीला ती पुरेशी होती. ट्रकच्या चालीला ती पुरत नाही.

आणि आमच्या रस्त्याचा वेग तरी काय सांगावा! जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान लोणी ते माना या भागात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. मारुती १०५ फुटांचा आणि रस्ता १०५ तासांचा! योगायोगच, पण वऱ्हाडी माणसाला लक्षात ठेवायला सोपा.

उंच मूर्ती उभारणं म्हणजे नुसती लहान मूर्ती मोठी करणं नव्हे. पायथ्याशी उभं राहून पाहिलं तर पाय मोठे आणि डोकं लहान दिसतं. म्हणून अशा कामात वरचा भाग हिशेबानं थोडा मोठा ठेवावा लागतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, तोही सोसावा लागतो. त्यात आमची काळी माती. कपाशीला ती माय आहे, बांधकामाला मात्र सावत्र. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एवढं ओझं पेलायचं तर पाया तिच्याखालच्या पक्क्या थरापर्यंत न्यावा लागतो.

आता उंचीच्या मानाचं पाहू. आंध्रात विजयवाड्याजवळ परिटाला इथं १३५ फुटांचा हनुमान झाला. सिमल्याच्या जाखू टेकडीवर २०१० साली १०८ फुटांचा झाला. २०१८ मध्ये नर्मदेकाठी सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा उभा राहिला. त्याचे शिल्पकार राम सुतार यांचा जन्म १९२५ सालचा, धुळ्याजवळच्या गोंदूरचा. नांदुऱ्यावरून जाणारा जुना सहा नंबरचा महामार्ग धुळ्यावरूनच सुरतेकडे जात असे. उंचीचे विक्रम असे मोडायचेच. पण परिटालाचा मारुती कितीही उंच असो, नांदुऱ्याला उतरणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

ऑस्ट्रेलियात कॉफ्स हार्बर इथं १९६४ साली रस्त्याकडेला १३ मीटर लांबीचं केळं बांधलं गेलं. मोटारी थांबाव्यात आणि केळी विकली जावीत, एवढाच हेतू. पुढं त्या देशात अशा अवाढव्य वस्तूंची रांगच लागली. तिथं केळं, इथं देव. भाव वेगळा, पण भरधाव जाणाऱ्या माणसाला दोघंही एकच सांगतात : जरा थांब, इथं एक गाव आहे.

हे सांगावं लागतं, ही खरी गोष्ट. रस्ता रुंद झाला, वळणरस्ता आला की गावं काचेआडून निसटतात. जे दिसत नाही त्याचं नाव कुणी विचारत नाही. नांदुरा दिसतं. ज्याचा नवस आहे त्याचा तो देव. ज्याला उतरायचं आहे त्याची ती खूण. या दुसऱ्या हक्कानं तो माझाही आहे. त्यासाठी मला कुणाची परवानगी लागली नाही. काकांनी तर कामच सोपवलं. मारुती दिसल्याबरोबर मी त्यांना उठवलं.

तुम्ही कधी त्या वाटेनं गेलात तर दोन किलोमीटर आधी करंगळी समोर धरून पाहा. आणि आपल्या गावाचा रस्ता रुंद होत असेल तर वेशीवरचा तो दीड हाताचा दगड कुठं हलवला, याचीही चौकशी करा. गाडीतून तो दिसत नाही; पण पायी येणारं माणूस अजून आहे.