संगणक मोठा, मग पाऊस का चुकतो?

मोबाइलवर केदारखेड्याच्या नावापुढे पाऊस दिसतो आणि सरी शेजारच्या शिवारात पडून जातात. ‘एवढा मोठा संगणक काय कामाचा?’ हा पारावरचा सवाल भोकरदन तालुक्यापुरता नाही. त्यात गैरसमज मात्र बरेच आहेत.

पहिला म्हणजे, संगणक वाढवला की अंदाज सुधारलाच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ साली ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक आला. पण अंदाजासाठी नकाशा चौकटींत आणि काळ छोट्या टप्प्यांत विभागतात; चौकटीची बाजू निम्मी केली की हिशेब सुमारे आठपट वाढतो. चौकटी चौपट होतात आणि वेळेचा टप्पाही निम्मा करावा लागतो. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेव्ही या गणितज्ञांनी १९२८ मध्येच दाखवलं होतं, की साध्या पद्धतीत एका टप्प्यात लाट चौकटीपलीकडे गेली, तर उत्तर भरकटतं. चौकट सहा किलोमीटरची आणि आवाजाची लाट सेकंदाला ३४० मीटर धावणारी. म्हणजे टप्पा जेमतेम १८ सेकंदांचा. दहा दिवसांच्या अंदाजाला असे ४८ हजार टप्पे!

गंमत अशी, की आवाजाच्या लाटेने पाऊस पडत नाही. म्हणून अशा वेगवान लाटांचं गणित वेगळ्या रीतीने सोडवतात आणि टप्पा काही मिनिटांपर्यंत ताणतात. खरी बचत इथे होते, यंत्राच्या आकारात नाही.

‘गणित बिनचूक, तर उत्तरही बिनचूक’ हेही खरं नाही. लुईस रिचर्डसन यांनी हाताने केलेला, १९२२ साली प्रसिद्ध झालेला हवामान अंदाजाचा हिशेब सांगत होता, की सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात तो जवळपास जागचा हलला नाही. सुरुवातीच्या नोंदींतल्या असमतोलामुळे गणितात खोट्या लाटा उसळल्या होत्या. १९५० मध्ये चार्नी आणि सहकाऱ्यांनी त्या गाळूनच एनिॲक या संगणकावर अंदाज काढला. २४ तासांच्या अंदाजाला तेव्हा जवळपास २४ तासच लागले!

राहिलं गावाचं नाव. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ या हवामान अंदाजाच्या प्रणालीची चौकट १२ किलोमीटरवरून सहावर आली, क्षेत्रफळ १४४ चौरस किलोमीटरवरून ३६. तरीही एकटादुकटा गडगडाटी ढग तिच्यात मावून जातो, त्याचा परिणाम सूत्राने धरावा लागतो. म्हणून कापूस-सोयाबीनची पेरणी मोबाइलवरच्या एका ढगावर ठरवू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन पुरेशी ओल आल्याशिवाय तिफण काढू नका.